डोक्याची गोळी आणि आपले प्रश्न

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

 

आज मी एका गोळीविषयी बोलणार आहे. आपल्याकडं तिला कुणी टेन्शनची गोळी म्हणतं, कुणी झोपेची, कुणी डोक्याची. नाव घ्यायची वेळ आली की आवाज खाली जातो. साखरेची गोळी, बीपीची गोळी आपण चारचौघीत सांगतो, पण ही गोळी पिठाच्या डब्यामागं ठेवलेली असते. लपवून घेतलेल्या औषधाबद्दल कुणी काही विचारत नाही, आणि विचारलं नाही की चुका होतात. म्हणून आज उघड बोलू.

मी डॉक्टर नाही, बचत गटांची समन्वयक आहे. बैठकीत हप्ते गोळा होतात, वही बंद होते आणि मग खरं बोलणं सुरू होतं. "ताई, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही." "कशातच जीव लागत नाही." "हातपाय गळाल्यासारखे वाटतात, तपासणीत काही निघत नाही." ही वाक्यं मी इतक्या गावांत ऐकलीत की मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षणाला आणि एका परिषदेला गेले तेव्हा बायकांचे प्रश्न वहीत लिहूनच नेले. तिथल्या डॉक्टरांना एकेक करून विचारले. त्यांची उत्तरं आज तुमच्यापुढं ठेवते.

आधी आजार म्हणजे काय ते पाहू. सोयाबीन पावसात गेलं, पोरीचं लग्न मोडलं, घरातलं माणूस गेलं, तर दुःख होणारच. त्याला आजार म्हणत नाहीत. पण दोन आठवडे उलटले तरी रोज, दिवसभर मन खाली राहतं, आवडीच्या कामातही गोडी वाटत नाही, भूक आणि झोप बिघडते, अंगात त्राण राहत नाही, "माझ्यामुळंच सगळं झालं" असं वाटत राहतं, जगून काय करायचं असा विचार येतो, तेव्हा ते नैराश्य असू शकतं. आपल्या बायकांमध्ये ते बऱ्याचदा अंगदुखी, डोकेदुखी, छातीत धडधड अशा रूपात येतं. त्यामुळं आधी रक्त आणि थायरॉईड तपासून घ्यावं. रक्त कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी असाच थकवा येतो. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ साली देशभर पाहणी केली. तिच्यात असं दिसलं की दर वीस माणसांत साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं. वीस म्हणजे आपले दोन गट. मोजून बघा.

आपल्या धाराशिव जिल्ह्याला हे नवं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सास्तूर आणि लोहाऱ्याकडच्या वडीलधाऱ्या बाया अजून विसरलेल्या नाहीत. मग दुष्काळाची वर्षं आली, कर्जं आली, शेतकऱ्यांच्या आत्महत्या आल्या. २०१५ साली सरकारनं आपल्या आणि यवतमाळ जिल्ह्यात बळीराजा चेतना अभियान सुरू केलं. त्याच वर्षी मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आला. आशाताई घरोघर जाऊन ताणाबद्दल विचारू लागल्या. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडं पुरानं रान खरवडून नेलं, तेव्हा हाच घोर पुन्हा दाराशी आला. दुःख आपल्याकडं भरपूर आहे. उपचार मात्र लांब आहेत. सरकारची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. त्यातलं एकही मराठवाड्यात नाही. आपला आधार म्हणजे जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग, आणि जवळचं म्हणाल तर गावातलं मेडिकल. खरी गडबड होते ती या मेडिकलच्या काउंटरवर.

आता वहीतले प्रश्न.

पहिला प्रश्न, "या सगळ्या गोळ्या एकच ना?" नाही. यात दोन मोठे गट आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. एक गट नैराश्यावरच्या गोळ्यांचा. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालिन, एसिटॅलोप्रॅम ही त्यातली नेहमीची नावं. दुसरा गट झोप आणणाऱ्या, घबराट लगेच कमी करणाऱ्या गोळ्यांचा. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम, डायझेपॅम त्यातल्या. सवय लागते ती या दुसऱ्या गटातल्या गोळ्यांची. त्या थोड्याच दिवसांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायच्या असतात. म्हणून २०१४ पासून त्यातल्या काही गोळ्या एच-वन नावाच्या यादीत आहेत. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो, चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत, आणि दुकानदाराला रुग्णाचं व डॉक्टरांचं नाव नोंदवून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. तरीही "दोन झोपेच्या द्या हो" म्हटलं की कुठं कुठं मिळतात. मिळतात म्हणून घेऊ नका. वर्षभर रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका. फिट येऊ शकते. डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

दुसरा प्रश्न, "नैराश्याच्या गोळीची सवय लागते का?" दारूची किंवा झोपेच्या गोळीची लागते तशी लागत नाही. आणखी हवी, आणखी हवी असं होत नाही. पण अंगाला ती ओळखीची होते. एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड, झोप उडणं, डोक्यात झटका बसल्यासारखं होणं असा त्रास होऊ शकतो. तो त्रास बघून बाई म्हणते, "बघा, सवय लागली." सोडायचीच झाली तर डॉक्टर डोस थोडा थोडा उतरवतात. जिना एकेक पायरीनं उतरायचा, वरून उडी मारायची नाही.

तिसरा, "आठ दिवस घेतली, काहीच फरक नाही. मग कशाला घ्यायची?" यात गोम अशी आहे की त्रास आधी येतो आणि गुण नंतर. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, तोंड कोरडं पडणं, झोप कमी-जास्त होणं हे दिसतं. बहुतेकींना ते एक-दोन आठवड्यांत कमी होतं. गुण दिसायला दोन ते चार आठवडे, पूर्ण दिसायला सहासुद्धा लागतात. हे आधीच सांगितलं असतं तर कितीतरी बायांनी पाचव्या दिवशी पाकीट उकिरड्यावर फेकलं नसतं.

चौथा, "बरं वाटलं, आता बंद केली तर?" आमच्या भागातल्या एका ताईचं सांगते. गोळ्या सुरू झाल्यावर दोन महिन्यांत ती पुन्हा शेळ्या राखू लागली, बैठकीत हसू लागली. सासूबाई म्हणाल्या, "झाली की बरी, आता कशाला ती गरम औषधं?" गोळ्या थांबल्या. दिवाळीपर्यंत ताई पुन्हा अंथरुणाला खिळली, आणि या वेळी उठायला जास्त दिवस लागले. पहिल्यांदा आजार झाला असेल तरी बरं वाटल्यावर निदान सहा महिने औषध चालू ठेवायला सांगतात. पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याहून जास्त. किती ते डॉक्टर ठरवतील.

पाचवा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारला नाही. बैठक संपल्यावर कानात विचारला. "ताई, गोळी घेतल्यापासून नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही." हा या गोळ्यांचा माहीत असलेला परिणाम आहे, पुरुषांनाही होतो. त्यात तुमचा दोष नाही. डोस किंवा गोळी बदलता येते. पण डॉक्टरांना सांगितलं तर. आमच्या ओळखीत एकीनं लाजेपोटी न सांगता औषधच सोडून दिलं.

आता धोक्याच्या खुणा. या नीट ऐका.

पंचवीस वर्षांखालच्या मुलामुलींना ही औषधं सुरू केली की पहिल्या काही आठवड्यांत, आणि डोस बदलल्यावर, जवळून लक्ष ठेवायचं. काही जणांत या काळात बेचैनी आणि जीव द्यायचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध खात्यानं २००४ साली मुलांसाठी हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीत छापायला लावला, आणि २००७ साली तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. याचा अर्थ औषध देऊच नये असा नाही. उपचार न मिळालेलं नैराश्यही जिवावर बेततं. अर्थ एवढाच की पोरीला गोळी देऊन खोलीत एकटी सोडायची नाही, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी डॉक्टरांना पुन्हा दाखवायचं.

गोळी सुरू झाल्यावर माणूस अचानक फार उत्साही झालं, रात्र रात्र जागून थकत नाही, भराभर बोलतं, पैसे उधळतं, तर "किती छान बरं झालं" म्हणू नका. तो दुसऱ्या आजाराचा चढ असू शकतो. लगेच दाखवा. घरात आधी कुणाला असा त्रास झाला असेल तर तो पहिल्याच भेटीत सांगा.

साठीच्या पुढच्या आजी-आजोबांना गोळी सुरू झाल्यावर गरगरणं, गोंधळल्यासारखं होणं, तोल जाणं दिसलं तर ते वय झालं म्हणून सोडू नका. रक्तातलं सोडियम कमी झालेलं असू शकतं. साध्या रक्ततपासणीत ते कळतं.

दुसरी औषधं चालू असतील तर सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ओता. कंबरदुखीसाठी घेतलेल्या ब्रुफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रामाडोल आणि बिघडलेल्या टीबीवरचं लिनेझोलिड यांच्याबरोबर अंगाला कापरं, ताप, घाम, गोंधळ असा गंभीर त्रास होऊ शकतो. टीबीच्या आणि मनाच्या डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवणं हे आपलं काम. आणि दारूवर ही गोळी घ्यायची नाही, हे घरातल्या पुरुषमाणसांना सांगा.

दिवस गेले किंवा बाळ अंगावर पीत असेल तर घाबरून स्वतः गोळी बंद करू नका. दोन्ही बाजूंचे धोके बघून डॉक्टर ठरवतात. आणि शेजारणीला गुण आला म्हणून तिची गोळी आपण घ्यायची नाही. भाजी उसनी आणतो तशी गोळी उसनी आणू नये.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी वेगळं सांगते. दिवाळीनंतर तुम्ही जाल ते उन्हाळा लागल्यावरच परत याल. जाण्याआधी पंधरा दिवस डॉक्टरांना भेटा, किती दिवसांचं औषध मिळेल ते विचारा, चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात ती दाखवता येते. कोपीवर औषध संपलं आणि कुणाला कळलं नाही, असं व्हायला नको.

घरात ज्याच्या मनात मरणाचे विचार येतात, त्याच्या हाती सगळी पाकिटं देऊ नका. आठवड्यापुरती गोळी काढून द्या, बाकीची दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा. फवारणीची औषधं तर घरात नकोतच. कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडं. लहान लेकरांच्याही हाती या गोळ्या लागू देऊ नका. काही जुन्या प्रकारच्या गोळ्या चुकून गिळल्या तर हृदयावर परिणाम होतो.

आता परिषदांबद्दल बोलते. आपल्या देशातल्या मनोविकारतज्ज्ञांची इंडियन सायकियाट्रिक सोसायटी ही संघटना १९४७ पासून आहे, तिच्या दरवर्षी परिषदा होतात. डॉक्टरांनी एकत्र बसून नवं शिकणं गरजेचंच आहे. आज मी सांगितलेली सावधगिरीही अशाच अभ्यासातून आली. मी जिथं गेले तिथं सकाळभर पडद्यावर औषधांची नावं आणि आलेख होते. गोळी आणायला एसटीचं भाडं कुणी द्यायचं, ती घरात कुणाच्या ताब्यात राहायची, हे प्रश्न चहाच्या वेळी निघाले. खरं तर सुरक्षितता तिथंच ठरते. औषध उत्तम असून उपयोग काय, जर पाचव्या दिवशी ते बंद पडलं?

औषध कंपन्यांनी परिषदांवर खर्च करण्याचाही मुद्दा आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं कंपन्यांसाठी आचारसंहिता काढली. डॉक्टरांना भेटवस्तू, प्रवास, हॉटेलचा खर्च देऊ नये असं तिच्यात म्हटलं आहे. हे आपल्या फायद्याचं आहे. जिथं माहिती देणारा आणि माल विकणारा एकच असतो, तिथं गुण मोठ्यानं सांगितले जातात आणि त्रास हळू आवाजात.

परिषदांमधून एक चांगली गोष्ट मात्र मी उचलून आणली. गोव्यात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साडेचारशे रुग्ण होते. फ्लुओक्सेटीन घेणाऱ्यांना दोन महिन्यांनी, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त बरं वाटलं. पण पुढं वर्षभरानं तो फरक टिकला नाही. पुढं गोव्यातच, डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून सहा ते आठ भेटींत बोलण्याचा उपचार दिला गेला. २०१७ साली निष्कर्ष आला. तीन महिन्यांनी अशा शंभरातले चौसष्ट जण नैराश्यातून बाहेर आले होते, हा आधार नसलेल्यांत एकोणचाळीस. आणि आपल्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांनी बोलतं केलं, दवाखान्याशी जोडून दिलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी शंभरात चार होते, ते दीड वर्षात सत्तावीस झाले.

म्हणजे गोळी लागते तिथं लागतेच, विशेषतः आजार जोराचा असेल तेव्हा. पण तिच्याबरोबर माणूस लागतं. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायांना भारतवैद्य म्हणून उभं केलं, तेव्हाच आपल्या जिल्ह्यानं दाखवून दिलं होतं की कमी शिकलेली बाईसुद्धा आरोग्याचं काम चोख करते. मनाच्या बाबतीतही ते आपल्याला जमेल.

एका आजीनं मला विचारलं, "बाई, गोळीनं पाऊस पडंल का? कर्ज फिटंल का?" नाही आजी, नाही फिटणार. पीकविमा, हमीभाव, नवऱ्याची दारू, घरातली मारहाण, यावर गोळी नाही. त्याची भांडणं वेगळी भांडावी लागतील. आणि जी बाई मार खाते तिला नुसती गोळी देऊन गप्प बसवायचं असेल, तर तो उपचार नव्हे. पण अंथरुणातून उठायचं बळ नसेल तर तहसीलच्या पायऱ्या चढणार कोण? तेवढं बळ परत यावं म्हणून उपचार.

शेवटी हक्काचं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आपल्या बाजूनं आहे. आपल्याला कोणता आजार आहे, कोणता उपचार देणार आहेत आणि त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम कोणते, हे आपल्याला कळेल अशा भाषेत जाणून घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत यादीतली आवश्यक औषधं मोफत मिळाली पाहिजेत, हेही त्यात आहे. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न समजता तो फार ताणाखाली होता असं धरून त्याला मदत द्यावी, असंही हा कायदा सांगतो. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या न्याय संहितेत तर जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही. तेव्हा पोलिसांच्या भीतीनं कुणाला घरात लपवून ठेवू नका, आधी दवाखान्यात न्या.

म्हणून डॉक्टरांपुढं बसलात की पाच गोष्टी विचारा. ही गोळी कशासाठी? गुण कधी दिसेल? काय त्रास होऊ शकतो आणि कोणता झाला तर लगेच यायचं? माझ्या बाकीच्या औषधांबरोबर चालेल का? किती दिवस घ्यायची आणि बंद कशी करायची? लिहिता येत नसेल तर गटातल्या सचिव ताईला सोबत न्या. "फार प्रश्न विचारते" असं कुणी म्हटलं तर म्हणू द्या.

दोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस, १४४१६. दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि कुठल्याही औषधाचा वाईट परिणाम झाला तर तो कळवायला १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतः कळवू शकतो. आपल्याकडच्या बाईला काय त्रास झाला हे असं कळवलं, तरच ते उद्या एखाद्या परिषदेच्या पडद्यावर येईल.

पुढच्या बैठकीत हप्त्याची वही मिटल्यावर पाच मिनिटं अजून बसा. शेजारी बसलेल्या बाईला विचारा, "झोप लागते का गं?" ती "लागते की" म्हणाली तरी तिच्या तोंडाकडं बघा. आणि गोळी चालू असेल तर लपवू नका. पिठाच्या डब्यामागची ती गोळी बीपीच्या गोळीशेजारी, फळीवर येऊ द्या. लेकरांचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर, बरं का.